माळशिरसच्या विहिरी साताऱ्यात

माझ्या नकाशात माळशिरस तालुक्यातल्या विहिरी सातारा जिल्ह्यात पडत होत्या. एखाददुसरी नव्हे, जवळजवळ सगळ्याच. खटाव-माणच्या अंगाला त्यांचा निळ्या ठिपक्यांचा दाट पुंजका दिसायचा, आणि जिथं माळशिरस असायला हवं तिथं कागद कोरा.

तेव्हा मी सोलापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भूगोल. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. गाव केम. आण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस, आई शेतात. मी काय शिकते हे दोघांनाही नीट सांगता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते त्यांना सांगता यायचं नाही. ‘नकाशे काढते’ एवढंच मी म्हणायचे. मग आई शेजारणीला सांगायची, पोरगी जमीन मोजायचं शिकतीया.

शेवटच्या सत्रात प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा होता. मी विहिरींच्या पाणीपातळीचा विषय घेतला. विभागाकडं जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तीन तालुक्यांतल्या, म्हणजे करमाळा, माढा आणि माळशिरसमधल्या, विहिरींची माहिती होती. आमचे मार्गदर्शक सर दरवर्षी विद्यार्थ्यांच्या तुकड्या गावोगाव पाठवत. पोरं विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजत, आणि हातातल्या जीपीएस यंत्रावर विहिरीचे अक्षांश-रेखांश बघून लिहून आणत. कितीतरी वर्षांचं हे काम एका एक्सेल फाईलमध्ये साठलेलं होतं. मी सरांना म्हणाले की हे सगळं मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून नकाशावर आणते. म्हणाले खरी, पण तेव्हा मला पायथनमध्ये दोन रेघा नीट काढता येत नव्हत्या. वर्गातला एक मुलगा संगणकात हुशार होता. तो आणि दोघेजण मिळून पावसावर प्रकल्प करत होते. सर माझ्याकडं बघून म्हणाले, “कर. पण तोंडी परीक्षेच्या आधी महिनाभर मला नकाशा जागेवर दिसला पाहिजे. नाही जमलं तर तू यांच्या गटात चौथी.”

चौथी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मुखपृष्ठावर नाव शेवटी येणार, आणि परीक्षेत प्रश्न आला की उत्तर दुसरं कोणी देणार. मी शाळेपासून असंच बसत आलेली, कोणाच्या तरी शेजारी, उत्तर माहीत असूनही मान खाली घालून. हा एक प्रकल्प मला माझ्या नावानं करायचा होता. यापेक्षा मोठं काही मनात नव्हतं.

माझ्याकडं लॅपटॉप नव्हता. विभागाच्या संगणक-खोलीत दुपारी दोननंतर एक जागा मिळायची. खोलीच्या किल्ल्या शिपाईमामांकडं असत. पाच वाजले की ते दारात येऊन उभे राहत, बोलत काही नसत, फक्त किल्ल्या वाजवत. सोलापूरचं ऊन उतरायच्या आतच आमचं काम संपायचं.

पहिल्या दिवशी नकाशा आला तो पांढराफटक. तालुक्यांच्या सीमा नाहीत, ठिपके नाहीत, डाव्या कोपऱ्यात खाली माशी बसावी तसा एक निळा डाग. पडद्यावर एररही नव्हता. एरर आला असता तर बरं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. चूक झाली आणि यंत्र गप्प राहिलं, तर कुठं शोधायचं? दोन दिवसांनी उमगलं की नकाशा मीटरमध्ये मोजत होता आणि मी त्याला अंश देत होते. पंचाहत्तर अंश पूर्व म्हटलं की तो पंचाहत्तर मीटर समजायचा. त्याच्या लेखी माझ्या सगळ्या विहिरी एकाच अंगणात होत्या. आपण देतोय ते अंश आहेत, ते आधी प्रक्षेपणात बदलून घे आणि मग मांड, असं त्या लायब्ररीला, म्हणजे पायथनमधल्या नकाशे काढणाऱ्या तयार कोडला, वेगळं सांगावं लागतं. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, म्हणून प्रक्षेपण लागतं, हे मी परीक्षेत दहा गुणांना लिहिलेलं होतं. ते असं अंगावर येईल हे माहीत नव्हतं.

मग सांगितलं, तर विहिरी थेट उत्तर ध्रुवाकडं गेल्या. नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात. आधी अक्षांश की आधी रेखांश, तो क्रम मी उलटा दिला होता. आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो, लायब्ररीला आधी रेखांश लागतो. हे एका ओळीत सुधारलं. गावांची नावं मराठीत लिहिली, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले. फॉन्ट बदलला, तर ‘माळशिरस’मधली वेलांटी ‘श’च्या पलीकडं जाऊन बसली. तेव्हा मी नावं इंग्रजीत टाकली आणि तो विषय बाजूला ठेवला. वाईट वाटलं, पण एका वेळी एकच अडचण, असं मी ठरवलं होतं.

लाल अक्षरांतला एरर लांबलचक असला तरी सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वरून खाली धडा वाचावा तसा वाचायचे आणि निम्म्यात घाबरायचे. शेवटी एका दुपारी कंटाळून खालूनच वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की खरी गोष्ट तिथंच असते.

हे सगळं निस्तरलं आणि ठिपके आपल्या भागात आले. मला इतका आनंद झाला की मी मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं की आमचं माळशिरस यात कुठं आहे. मी बोट ठेवायला गेले आणि बोट कोऱ्या जागेवर पडलं.

मग नीट पाहिलं. ठिपक्यांचे चार पुंजके झालेले होते. त्यांच्यामधून एक रिकामी पट्टी आडवी गेलेली, एक उभी. नकाशावर कोणीतरी खोडरबरानं अधिकचं चिन्ह काढावं तशी. त्या पट्ट्यांत ठिपके अगदी तुरळक, कुठं दोन, कुठं तीन. आणि दोन्ही पट्ट्या जिथं एकमेकींना छेदत होत्या, त्या चौकात माळशिरस.

सरांना दाखवलं. ते म्हणाले की माळशिरसकडं कॅनॉलचं पाणी आहे, ऊस कॅनॉलवर पिकतो, पोरांनी तिकडच्या विहिरी फारशा मोजल्याच नसतील. बोलणं पटण्यासारखं होतं. पण मग साताऱ्यातला पुंजका कुणाचा, हे मी विचारलं. ते म्हणाले, “तो तुझ्या प्रक्षेपणाचा घोळ असणार. डेटा जुना आहे, यावर दोन प्रबंध झालेत. डेटा बरोबर आहे. कोड बघ.”

दोन प्रबंधांपैकी एकातला नकाशा विभागाच्या बोळात काचेच्या चौकटीत लावलेला होता. मी जाता-येता तो पाहत आलेली. त्यातही चार पुंजके होते. पण ठिपक्यांखाली तालुक्यांच्या सीमा नव्हत्या, नुसत्या आडव्या-उभ्या रेघा आणि बाजूला आकडे. त्यामुळं कुठली विहीर कुठल्या गावची, हे त्यावरून कोणी ताडून पाहिलंच नसणार.

मी कोड बघत राहिले. प्रक्षेपणं बदलून पाहिली, एकामागून एक. दर वेळी जिल्ह्याचा आकार थोडा ताणला जायचा, थोडा आकसायचा, पण विहिरी साताऱ्यातून हलायच्या नाहीत. जुन्या सर्वेक्षणात पृथ्वीचा आकार थोडा वेगळा धरायचे, तो फरक असेल म्हणून तेही करून पाहिलं. त्यानं ठिपके इतकेच हलले की डोळ्यांना कळूही नये. शेवटी मी सगळे ठिपके एकदम उचलून ईशान्येकडं सरकवले. माळशिरसच्या विहिरी माळशिरसमध्ये आल्या. पण केमच्या विहिरी उडून पार जिल्ह्याबाहेर, मराठवाड्यात. केम जागेवर आणावं तर माळशिरस परत साताऱ्यात.

वर्गातल्या त्या हुशार मुलाची जागा माझ्या शेजारी होती. त्याला हे सगळं दिसायचं.

“काय गं, तुझ्या विहिरी अजून साताऱ्यालाच हायत? माहेरपणाला गेल्यात का?”

मी हसले. त्यानं खुर्ची ओढून पडद्याकडं पाहिलं आणि जरा गंभीर होऊन म्हणाला, “हे बघ, प्रत्येक तालुका वेगळा उचल आन् वेगळा सरकव. बसतंय सगळं. परीक्षक काय विहिरीत उतरून बघणार हाय का? न्हाईतर ये की आमच्यात. तुला पावसाचे आलेख देतो.”

तो वाईट मनानं बोलत नव्हता. खरोखर जागा करून देत होता. पण तालुका उचलून सरकवायचा म्हणजे मला गाव जिथं हवं तिथं मी ते ठेवायचं, आणि मग त्याला नकाशा म्हणायचं. मी त्याला सांगितलं की अजून थोडे दिवस बघते. सरांनी दिलेली मुदत जवळ आली होती.

त्या दुपारी मी एक वेगळी गोष्ट केली. सगळ्या विहिरी एकदम बघायचं सोडून दिलं. फाईलमध्ये काही विहिरींपुढं गावाचं नाव होतं, काहींपुढं नुसता क्रमांक आणि तालुका. नाव असलेल्यांतली मला स्वतःला माहीत असलेली गावं निवडली. केम, कुर्डुवाडी, करमाळा, माळशिरस, अशी. प्रत्येक गावाची विहीर फाईलप्रमाणं जिथं पडते तिथून, ते गाव खरं जिथं आहे तिथपर्यंत एक बाण काढला. नकाशा काढणारी लायब्ररी बाणही काढते.

बाण सगळे ईशान्येकडं तोंड करून होते. एकही उलटा नाही. पण लांबी सारखी नाही. माळशिरसचा बाण लांबच लांब, केमचा आखूड. कुर्डुवाडीचा जवळजवळ आडवा, करमाळ्याचा उभट. आणि एका गावाला बाणच नव्हता, ते बरोब्बर जागेवर होतं. मी ते चित्र छापून घेतलं आणि दप्तरात ठेवलं. प्रक्षेपणाचा घोळ असता तर शेजारशेजारची गावं सारखीच सरकली असती. म्हणजे घोळ आकड्यांत आहे, एवढं मला कळलं. पण आकडे बरोबर आहेत असं सरांनी सांगितलेलं, आणि सरांचं चुकलं असेल हे वाक्य माझ्या मनातसुद्धा पुरं होत नव्हतं.

रविवारी त्या मुलाला पेन ड्राइव्ह परत द्यायचा होता. तो कॉलेजच्या मागच्या मैदानावर होता. तिथं वॉर्डा-वॉर्डांतल्या संघांचे टेनिस चेंडूचे सामने चालले होते. कर्ण्यावर एकजण धावतं वर्णन करत होता, मध्येच कोणाला तरी गाडी बाजूला काढायला सांगत होता. तो मुलगा गोलंदाजी करत होता म्हणून मी कडेला सावलीत थांबले. क्रिकेटमध्ये मला फार गम्य नाही. समोर धावफलक होता, पत्र्याच्या पाट्यांवर आकडे रंगवून खिळ्यांना अडकवलेले. षटकांच्या रकान्यात सात, टिंब, चार. चेंडू पडला. सात टिंब पाच. पुन्हा पडला, आणि फलकावरच्या माणसानं सातची पाटी काढून आठची लावली, आणि टिंबापुढं शून्य.

सात टिंब सहा आलंच नाही. सात टिंब नऊही नाही. टिंब होतं, पण ते दशांशाचं नव्हतं.

मी किती वेळ त्या पाट्यांकडं बघत होते कोण जाणे. षटक संपल्यावर तो मुलगा सीमारेषेपाशी आला आणि म्हणाला, “काय बघतीस गं? तितं हाय का तुझी विहीर?”

मी त्याला पेन ड्राइव्ह दिला आणि तिथंच पायरीवर बसून फोनवर ती फाईल उघडली. रेखांशाचा रकाना. टिंबाच्या पुढचे दोन आकडे बघत खाली-खाली जात राहिले. बारा, अठरा, चोपन्न, एकोणसाठ, सात, त्रेपन्न. साठ नाही. सदुसष्ट नाही. ऐंशी नाही. एखाददुसरं कुठंतरी सापडायचं, ब्याऐंशी असं, आणि ते नेमकं त्या रिकाम्या पट्टीतल्या तुरळक ठिपक्यांपैकी निघायचं.

एका अंशात साठ मिनिटं असतात. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या पोरांनी यंत्रावर अठरा अंश अकरा मिनिटं पाहिलं, आणि लिहिताना १८.११ लिहिलं. आपल्याकडं वेळ अशीच लिहितात. लग्नपत्रिकेत मुहूर्त दुपारी १२.३५ असतो आणि साडेपाचला आपण ५.३० लिहितो. ते टिंब बघून बारा पूर्णांक पस्तीस शतांश कोणी म्हणत नाही. पण पायथन लग्नाला जात नाही. त्याला टिंब दिसलं की तो दशांश समजतो. चोपन्न मिनिटं म्हणजे अंशाचे नव्वद शतांश, ते त्यानं चोपन्न शतांशच धरले. म्हणून मिनिटं जास्त तिथं बाण लांब, मिनिटं कमी तिथं आखूड. आणि साठ ते नव्व्याण्णवच्या जागेत कोणी नाही, म्हणून ती रिकामी पट्टी. पट्टी नकाशात नव्हतीच. आमच्या लिहिण्याच्या सवयीत होती.

सोमवारी दोन वाजायच्या आधीच मी संगणक-खोलीच्या दारात होते. मामांनी किल्ली लावेपर्यंत मला धीर नव्हता. टिंबाच्या पुढचे आकडे सुटे केले, साठनं भागले, पुन्हा अंशांत मिळवले. नकाशा आला. पट्ट्या भरून निघाल्या होत्या. साताऱ्यातला पुंजका नाहीसा झाला होता. माळशिरसच्या चौकात ठिपक्यावर ठिपका.

पण मी लगेच सरांकडं गेले नाही. डेटा चुकलाय हे सांगायचं, तर माझ्या हातात आकड्यांच्या खेळापेक्षा घट्ट काहीतरी हवं होतं. त्याच आठवड्यात सुट्टी पडली तेव्हा केमला गेले. शाळेमागची विहीर फाईलमध्ये होती. आण्णा बरोबर आले. कठड्यापाशी उभी राहून मी फोन हातात धरला आणि त्यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. जुन्या नकाशात ही विहीर टेंभुर्णीच्या वर, उजनी धरणाच्या अंगाला जाऊन पडलेली आहे, असं म्हणाले.

आण्णांनी विहिरीत वाकून पाहिलं. “मग तिला पानी तरी लई लागलं असंल की.”

फोनवर आकडा आला. अठरा पूर्णांक अठरा शतांश. फाईलमध्ये अठरा टिंब अकरा. अकराला साठनं भागलं की अठरा शतांश येतात. आण्णांना मी तोंडी भागाकार करून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की आता हे सरांना सांगणार का. मी म्हणाले, भ्या वाटतंय.

“का? तू खोटं बोलतीस का?”

“न्हाय.”

“मग बोल की. विहीर तर साक्षीला हाय.”

सरांच्या खोलीत मी दोन नकाशे आणि बाणांचं चित्र घेऊन गेले. आधी बाण दाखवले, मग रकाना, मग केमच्या विहिरीपाशी फोनवर काढलेला फोटो. माझं संपल्यावर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अंशाचं चिन्ह कळफलकावर सापडायचं नाही पोरांना,” ते म्हणाले. “मीच सांगायचो, टिंब द्या म्हणून. वाचणाऱ्याला कळतं.”

वाचणारा माणूस होता तोवर कळत होतं, असं मला म्हणायचं होतं, पण बोलले नाही. त्यांनीच विचारलं, “मग बाहेर लावलेला नकाशा?”

मी मान खाली घातली.

“सांग ना. उगाच मान खाली घालू नको.”

“चुकीचा आहे, सर.”

हे तीन शब्द बोलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं आख्ख्या प्रकल्पाला लागलं नसेल. सरांनी मान हलवली, नुसती एकदा, आणि चष्मा परत लावून माझा नकाशा जवळ ओढला. मग बराच वेळ आम्ही कामाचं बोलत बसलो. पट्टीतले ते तुरळक ठिपके कुठल्या तुकडीचे, ते त्यांनी आठवून सांगितलं. त्या वर्षी यंत्र नवं आलेलं, ते दशांशातच आकडे दाखवायचं. म्हणजे त्या तुकडीची टिंबं खरी दशांशाची होती, आणि बाण नसलेलं ते गावही त्यांच्यातलंच निघालं. मी त्या तुकडीच्या विहिरी मूळ आकड्यांवर परत नेल्या.

राहिली एक तुकडी. करमाळा आणि माढ्याच्या सीमेवरच्या विहिरी. त्यांच्यापुढं गावाचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक. त्या वर्षी जुनं यंत्र नेलं की नवं, हे सरांना आठवेना. आणि आकडे सगळेच लहान, दोन, पाच, अकरा असे, साठच्या वर एकही नाही. मिनिटं धरली तरी विहिरी आपापल्या तालुक्यात बसायच्या, दशांश धरले तरी बसायच्या.

सर म्हणाले की बाकीच्या बहुतेकांनी मिनिटं लिहिलीत, यांचीही मिनिटंच धर आणि ठिपके भरून टाक.

मी पुन्हा अडखळले. मुदत दोन दिवसांवर होती, सर खूश होते, नकाशा जागेवर आला होता. हो म्हटलं असतं तर तिथंच संपत होतं.

“सर, त्या मी भरत नाही,” मी म्हणाले. “त्या पोकळ गोल ठेवते. खाली टीप देते की जागा तपासायची बाकी आहे.”

“परीक्षक त्याच्यावरच बोट ठेवतील.”

“ठेवू देत, सर.”

मला वाटलं आता ते चौथीची आठवण करून देणार. पण ते म्हणाले, “ठेव मग. उत्तर मात्र तूच द्यायचंस.”

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. माझा नकाशा त्यांनी भिंतीवर लावायला सांगितला. भरलेल्या ठिपक्यांकडं त्यांनी जेमतेम पाहिलं. सरांनी म्हटलं होतं तसंच झालं, त्यांचं बोट सरळ पोकळ गोलांवर गेलं.

“हे काय?”

मी सांगितलं. टिंब, मिनिटं, दशांश, दोन यंत्रं. बोलता बोलता बाणांचं चित्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“म्हणजे तुझं काम अपुरं आहे.”

“हो, मॅडम. एवढ्या विहिरींपुरतं अपुरं आहे.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं बरोबर आहे.”

आपण हे इतकं सरळ म्हटलं याचं मलाच नवल वाटलं. मॅडमनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले की टिंब द्यायची सूचना त्यांची स्वतःची होती, चूक हिनं शोधली, आणि विभागातल्या जुन्या नकाशांवर तसा शेरा लिहायचं ठरलंय. मॅडमनी पुढं बाणांच्या चित्राविषयी बरंच विचारलं. असा विचार कसा सुचला, असंही विचारलं. मी क्रिकेटचं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या, आणि दाराबाहेर पाळी येईल म्हणून उभा असलेला तो मुलगाही. माझ्या प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर एकच नाव होतं. त्याखाली त्यांनी सही केली.

परीक्षा संपल्यावर सर म्हणाले की बोळातल्या चौकटीत आता तुझा नकाशा लावू. मी म्हणाले, पोकळ गोल भरल्यावर लावू. ते म्हणाले की त्याचे आता कोणी गुण देणार नाही. मला ते माहीत होतं.

त्याच आठवड्यात मी करमाळ्याच्या एसटीत बसले. तुकडीत गेलेल्या एका दादांना सरांच्या ओळखीनं फोन केला होता. यादीतली पहिलीच विहीर त्यांना आठवत होती; तिची खरी जागा कळली की त्या तुकडीची टिंबं मिनिटांची की दशांशाची, ते ठरणार होतं. फाट्यावर उतरून ओढ्याच्या कडेनं जायचं, चिंचेखाली आहे म्हणाले. फाट्यावर उतरले, चालत गेले. चिंच तोडलेली होती, बुंधा होता. विहीर होती. कडेला कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी विचारलं की कुठल्या हापिसातनं आलीस. मी म्हणाले, कॉलेजातनं, विहिरीची जागा बघायला. त्यांनी दोरीवरची साडी बाजूला केली आणि मला कठड्यापाशी जागा करून दिली.

मी फोन समोर धरला. आकडा अजून हलत होता, शेवटचे अंक वरखाली होत होते. तो एका जागी येईपर्यंत मी तिथं उभी राहिले.